पायी जाण्याजोग्या वस्तीत घर घेण्यापूर्वी

घराच्या जाहिरातीत ‘सर्व सुविधा हाकेच्या अंतरावर’ असे लिहिलेले असते, तेव्हा ही हाक कोणाची आणि कोणत्या वेळची, हे घेणाऱ्याने स्वतः तपासून पाहावे. पुण्यातील सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत हे विधान बहुतेक ठिकाणी खरे ठरते. किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना, शाळा आणि बँक तेथे जवळजवळ असतात, अनेक घरांतून महात्मा फुले मंडईपर्यंत चालत जाता येते आणि सप्टेंबर २०२४पासून मंडई व कसबा पेठ येथे मेट्रोची स्थानकेही सुरू झाली आहेत. तरीही तेथील घर आपल्याला मानवेल की नाही, याचा निर्णय प्रत्यक्ष चालून पाहिल्यावरच करावा.

प्रथम घरातील प्रत्येक माणूस आठवडाभरात कोठे कोठे जातो, याची यादी करावी. दूध, भाजी, शाळा, औषधे ही रोजची ठिकाणे पायी गाठता येत असतील, तर महिन्यातून एकदा लागणाऱ्या कामासाठी रिक्षा करावी लागली तरी बिघडत नाही. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ४०० मीटरला पाच मिनिटे आणि ८०० मीटरला दहा मिनिटे लागतात. घरात गुडघे दुखणाऱ्या आजी असतील, तर हा हिशेब त्यांना लागू पडत नाही. त्यांना बरोबर घेऊन एकदा मंडईपर्यंत जाऊन यावे आणि त्या कोठे थांबल्या, कोठे बिचकल्या, याकडे लक्ष द्यावे.

रस्ता पाहताना पदपथ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात पदपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. मोजपट्टी घेऊन फिरण्याचा संकोच वाटत असेल, तर दोघांना शेजारी शेजारी चालता येते का, एवढे पाहिले तरी पुरे. पेठांतील बऱ्याच गल्ल्यांत पदपथ नसतोच, आणि जेथे असतो तेथे विजेच्या डीपीच्या पेट्या, फळ्या मांडलेली दुकाने व दुचाकी त्याचा बराचसा भाग व्यापतात. गल्ली अरुंद असून वाहने सावकाश जात असतील, तर माझ्या मते पदपथाविना चालून जाते. मात्र शाळेच्या वाटेवर मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, तर पादचाऱ्यांसाठी सिग्नल किती सेकंद मिळतो, ते घड्याळ लावून पाहावे.

अशा वस्तीचा खरा लाभ वाहन न चालवणाऱ्यांना होतो. दहा-बारा वर्षांची मुले एकटी शिकवणीला जातात, आणि गाडी चालवणे सोडलेले आजोबा वाचनालय, डॉक्टर व मित्रांचा कट्टा यांसाठी कोणाच्या सवडीची वाट पाहत नाहीत. उपनगरातील मोठ्या संकुलात लिफ्ट, बाग आणि पोहण्याचा तलाव असूनही हीच माणसे फाटकाच्या आत अडकून पडलेली मी पाहिली आहेत.

जवळ असलेल्या बाजाराचा त्रासही तितकाच जवळ असतो. घर सकाळी अकराला दाखवले जाते. आपण संध्याकाळी सातला आणि रविवारी रात्री साडेदहाला पुन्हा जावे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, परंतु खाली उपाहारगृह असेल, तर ही मर्यादा कागदावरच राहण्याची शक्यता धरून चालावे. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर या गणेश विसर्जनाच्या रस्त्यांलगतचे घर असेल, तर मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते, हे झोप सावध असणाऱ्यांनी विसरू नये.

वाहनतळाचा प्रश्न आधीच विचारून घ्यावा. जुन्या इमारतींत स्वतःची जागा क्वचितच मिळते आणि रस्त्यावर सम-विषम तारखेप्रमाणे गाडी हलवत बसावे लागते. रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, सामानाचा टेम्पो कोठे थांबतो, हेही शेजाऱ्यांकडून जाणून घ्यावे.

तेवढ्याच पैशांत येथे खोल्या कमी मिळतात, हे उघड आहे. तुलना करताना दूरच्या घरासाठी घ्याव्या लागणाऱ्या दुसऱ्या वाहनाचा हप्ता, विमा आणि पेट्रोल यांचा वर्षाचा खर्च लिहून काढावा. दुसरे वाहन तरीही ठेवणारच असाल, तर पेठेतील जादा किंमत मोजण्याचे कारण बरेचसे उरत नाही.

शक्य असल्यास खरेदीपूर्वी त्याच गल्लीत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने राहून पाहावे आणि पावसाळा व गणेशोत्सव हे दोन्ही त्या मुदतीत येतील, अशा बेताने कराराची सुरुवात करावी.