जननेंद्रियावरच्या चामखिळींसाठी जेल वापरताय? या चुका टाळा

या दुखण्याबद्दल बोलायची लाज वाटते. त्यामुळे औषध हातात आलं की अनेकजण दार लावून आपल्याच अंदाजानं ते वापरू लागतात आणि नसता त्रास ओढवून घेतात. इथली माहिती ०.५ टक्के पोडोफायलोटॉक्सिन जेलची आहे. दुसरं औषध दिलं असेल, तर त्याची पद्धत डॉक्टरांनाच विचारा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज लावत राहणं. हे जेल सलग ३ दिवस, सकाळ-संध्याकाळ लावायचं आणि पुढचे ४ दिवस पूर्ण बंद ठेवायचं. अशा जास्तीत जास्त ४ फेऱ्या. औषध पेशींचं विभाजन थांबवतं, त्यामुळे चामखीळ सुकून गळते. पण शेजारच्या चांगल्या कातडीलाही ते सोडत नाही. लालसरपणा, आग, थोडं सोलवटणं हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं. ते भरून यायला मधले ४ दिवस लागतात, म्हणून ती विश्रांती उपचाराचाच भाग समजा. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका. फार दुखलं, रक्त आलं किंवा सूज वाढली, तर जेल थांबवून डॉक्टरांना दाखवा.

जेल फक्त चामखिळीवर, अगदी पातळ लावा. दिवसभरात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. जखमेवर किंवा योनीच्या, गुदद्वाराच्या, मूत्रमार्गाच्या आत तर मुळीच नको, कारण तिथून ते रक्तात जास्त शोषलं जातं. लावल्यावर पूर्ण सुकू द्या, मगच कपडे घाला, नाहीतर समोरासमोरच्या कातडीला लागतं. आधी आणि नंतर हात धुवा. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून जवळ आग किंवा पेटती सिगारेट नको. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुऊन डॉक्टरांकडे जा.

हातापायाच्या चामखिळींचं सॅलिसिलिक अॅसिड इथे वापरू नका, भाजतं. मित्राची उरलेली ट्यूबही नको. सिफिलिस या गुप्तरोगातही अशाच गाठी येतात, त्यामुळे आधी तपासणी हवीच. गर्भवती असाल, गर्भाची शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

जेल लावायच्या दिवसांत संबंध टाळा. चामखीळ गेली तरी ती आणणारा एचपीव्ही विषाणू शरीरात राहू शकतो, आणि निरोधही न झाकलेल्या कातडीला वाचवत नाही. जोडीदाराला सांगणं जड जातं हे खरं, पण त्याला किंवा तिला तपासणीची संधी मिळायलाच हवी. चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्ही ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात. हे कर्करोगाला क्वचितच कारण ठरतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. बायकांनी गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी मात्र चुकवू नये.

४ फेऱ्यांनंतरही चामखिळी राहिल्या, तर पाचवी फेरी स्वतःहून सुरू करू नका. गोठवणं, जाळणं, दुसरं मलम असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. काही महिन्यांनी पुन्हा उगवल्या, तरी जुनी ट्यूब न उघडता आधी दाखवून घ्या.