वाळवीची नळी लगेच पुसू नका

भिंतीवर किंवा चौकटीच्या कडेने मातीची पेन्सिलएवढी रेघ दिसली की आपला हात आधी फडक्याकडे जातो. जरा थांबा. ती वाळवीची ये-जा करायची नळी आहे. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून जमिनीतल्या वारुळापासून लाकडापर्यंत ती हा झाकलेला रस्ता बांधते. मधलाच बोटभर तुकडा फोडा आणि काही दिवसांनी पाहा. ओल्या मातीने तो बुजवलेला असेल तर ये-जा चालू आहे. नाही बुजवला, तरी निर्धास्त होऊ नका. तिने दुसरी वाट धरलेली असू शकते.

मग लाकूड तपासा. वाळवी आतून पोखरते आणि वरचा पातळ पापुद्रा, रंगासकट, तसाच ठेवते. त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. आवाज पोकळ आला की तिथेच टोक दाबा. ते सहज आत गेलं, तर चौकट संपत आली म्हणायची.

नळीवर रॉकेल ओतणं हा आवडता उपाय, पण त्याने समोरच्या कामकरी वाळव्या तेवढ्या मरतात. राणी जमिनीत सुरक्षित असते. त्यामुळे औषध मातीत, पायाच्या कडेने जायला हवं, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. तुमच्या हातात आहे ती ओल: गळका नळ आधी दुरुस्त करा, आणि पुठ्ठ्याची खोकी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका. पुठ्ठाही तिला लाकडाइतकाच चालतो.