सिद्धता लिहिताना भावी गणित शिक्षकांनो, या चुका टाळा

बीएडला गणित मेथड घेतलेल्या बऱ्याच जणांना दहावीची प्रमेयं तोंडपाठ असतात, पण पुस्तकात नसलेलं साधं विधान दिलं की पेन अडतो.

आता हेच बघा, दोन विषम संख्यांची बेरीज सम असते. पहिली २क + १, दुसरीपण २क + १, बेरीज ४क + २, झालं सिद्ध! पण मग यातून बेरजेला ४ ने भागल्यावर बाकी कायम २ उरते असंही निघेल, आणि १ + ३ तर ४ होतात. दोन्हीकडे एकच क घेतला म्हणजे संख्याच एक झाली ना. दुसरी २म + १ घ्या, बेरीज २(क + म + १) येते.

पाच-सहा उदाहरणं तपासून "म्हणून सिद्ध" लिहिणारेही भरपूर. न² + न + ४१ मध्ये ० ते ३९ काहीही टाका, मूळ संख्याच मिळते, ४० टाकलं की १६८१ म्हणजे ४१ चा वर्ग.

भूमितीत घोळ रचनेत होतो. समद्विभुज त्रिकोण अबक, अब = अक, कोन ब = कोन क हे सिद्ध करायचंय, आणि रचनेत बिनधास्त लिहितात "अ मधून बक ला दुभागणारा लंब काढला". अहो, तो लंब दुभागतोच हे अजून ठरलंय कुठे? एकाच रेषेवर एकच अट घाला. कोन अ चा दुभाजक घेतला तर बाकोबा (बाजू-कोन-बाजू), मध्यगा घेतली तर बाबाबा (तिन्ही बाजू), लंब घेतला तर कर्णभुजा, एकरूपतेच्या या तिन्ही कसोट्या चालतात पण एका वेळी एकच.

साध्यापासून, म्हणजे जे सिद्ध करायचंय त्यापासूनच, सुरुवात करणं ही तर जुनी खोड. (अ + ब)² ≥ ४अब वरून (अ − ब)² ≥ ० ला पोचलात, ठीक, ते कच्चं काम, फेअर लिहिताना (अ − ब)² पासून निघा. कारण −१ = १ धरून वर्ग केला तरी १ = १ हे खरंच मिळतं.

√२ अपरिमेय आहे, म्हणजे प/फ अशा पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येत नाही, ही सिद्धता पाठ असेल तर ती √४ = प/फ धरून √४ वर चालवून बघा. "प² ला ४ ने भाग जातो म्हणून प ला ४ ने जातो" इथे ती अडायला हवी, कारण प = २ ला ते लागू पडत नाही. तुमची सिद्धता न अडता शेवटपर्यंत गेली, तर "प² सम म्हणून प सम" ही ओळ तुम्ही कारण न देताच लिहिलेली असणार.