बाप्टिस्ट मिशनरी आजीचा जीवनपट लिहायचा तर

स्मरण-उपासनेत वाचायचा जीवनपट बहुतेकदा पहिल्याच ओळीत चुकतो, जन्मतारखेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून दिसला की थांबा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी हीच टाकून मोकळे होत. पुढे तीच दाखल्यावर, सेवापुस्तिकेत, पेन्शनच्या कागदावर उतरली. चार कागद जुळले तरी साक्षीदार एकच.

मग चर्चचं रजिस्टर बघू म्हणाल, तर तिथे दुसरा खड्डा. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या मंडळीत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होतो, त्यामुळे त्या तारखेवरून जन्माचा अंदाज बांधता येतो. बाप्टिस्ट मंडळीत माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. मुलगी तेव्हा बारा वर्षांची असेल, नाहीतर वीसची. त्यातून जन्मसाल काढू नका. तो तिचा स्वतःचा निर्णय होता, त्याला स्वतंत्र वाक्य द्या.

नाशिककरांची इथे हमखास फसगत होते. शरणपूरची जुनी ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे अँग्लिकन. आजी लग्न होऊन किंवा नोकरीला नाशिकला आली असेल, तर तिचा बाप्तिस्मा इथल्या रजिस्टरात शोधून उपयोग नाही. फार तर लग्नाची किंवा दफनाची नोंद मिळेल. तिच्या मूळ गावच्या पाळकसाहेबांना पत्र लिहा. त्यात माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे पाच वर्षांचा टप्पा द्या. नुसतं सासरचं आडनाव दिलंत तर बिचारे पानं चाळत बसतील. २९ नोव्हेंबर १९७० रोजी वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि काही बाप्टिस्ट मंडळ्या त्यात सामील झाल्या, म्हणून चर्चच्या पाटीवरचं नाव वेगळं दिसलं तरी परत फिरू नका.

आजी शाळेत शिकवत असेल, तर नेमणूक आणि बदल्या सेवापुस्तिकेतून घ्या. त्यात दिसणारं ‘व्ह. फा.’ म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, सातवीची परीक्षा. त्या काळी तेवढ्यावर मास्तरकी मिळे.

विद्यार्थ्यांना ‘बाई कशा होत्या?’ विचारलंत तर ‘प्रेमळ, शिस्तप्रिय’ एवढंच हाती येईल. त्याऐवजी विचारा: कोणत्या इयत्तेला होत्या, पाढे कसे म्हणून घेत, फी थकली तर काय करत? जीवनपट या उत्तरांवर उभा राहतो.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, वरचा थर सोलून येतो. पानासकटच ६०० डीपीआयवर स्कॅन करा. सुट्या फोटोंच्या मागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. कबरीवरची अक्षरं पुसट असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या. दगड साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. तारेचा ब्रश नको, ॲसिड तर मुळीच नको.

गोतावळ्याची यादी सगळ्यात नाजूक. जन्मक्रमाने लिहा, लहानपणी गेलेली मुलंही घ्या. सुना-जावई गाळले जातात आणि मग वर्षभर बोलणं बंद होतं! प्रत्येक घरच्या एकाला यादी वाचून दाखवा, फोनवर नव्हे, समोर बसून.

उपासनेसाठी चारशे शब्द पुरेत, चार-पाच मिनिटं लागतात. छपाई १६ पॉइंटात घ्या. वाचणारी बहुधा थोरली लेक असते आणि तिचे डोळे भरलेले असतात.