सबवूफर बॉक्समध्ये बसवताना या चुका टाळा

नवा सबवूफर (सर्वांत खालचे स्वर, म्हणजे बास, वाजवणारा मोठा स्पीकर; पुढे नुसता वूफर) बसवून, अँप्लिफायर जोडूनही अपेक्षित बास मिळाला नाही, की पहिला संशय वूफरवर जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा वूफर आणि लाकूड एकत्र येतात त्या कडेवर सापडतो. वूफरचा कोन (पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) पुढे येतो तेव्हा त्याच्यासमोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजेच पुढची आणि मागची ध्वनिलहर एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. या दोन्ही एकत्र आल्या तर एकमेकींना नाहीशा करतात, आणि हा परिणाम सर्वांत खालच्या स्वरांवर सर्वाधिक जाणवतो. बॉक्सचे पहिले काम या दोन लहरींना वेगळे ठेवणे हे आहे, हे लक्षात घेतले की पुढच्या बहुतेक चुका का महागात पडतात ते समजते.

भोकाचे माप आणि लाकूड

१२ इंची वूफरसाठी १२ इंचांचे भोक पाडणे ही अगदी सुरुवातीलाच होणारी चूक आहे. १२ इंच हे वूफरचे नाममात्र माप असते. भोकाचा व्यास त्याहून कमी, साधारणपणे २८० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो प्रत्येक मॉडेलनुसार बदलतो, म्हणून माहितीपत्रकातलाच आकडा घ्यावा. भोक मोठे झाले तर स्क्रूला धरायला लाकूडच उरत नाही. ते किंचित लहान झाले तर वूफर हातोडीने ठोकून न बसवता कडा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून घ्यावी. जिगसॉने कापताना कड वाकडीतिकडी होण्याचा धोका असतो. राउटर (लाकूड कोरून कापणारे यंत्र) आणि त्याला वर्तुळात फिरवणारी जिग मिळाली तर काम निश्चितच चांगले होते.

लाकूड म्हणून १८ मिलिमीटरचे एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून बनवलेली फळी) किंवा चांगले प्लायवूड घ्यावे. पार्टिकल बोर्ड स्वस्त असला तरी सततच्या कंपनाने स्क्रूभोवतीचा भाग भुगा होऊन सुटतो. वूफर जड असेल तर पुढची फळी दुहेरी करणे योग्य ठरते.

बाहेरच्या मापांवरून घनफळ मोजणे

४०० मिलिमीटर रुंद, ३५० मिलिमीटर उंच आणि ३०० मिलिमीटर खोल असा बॉक्स कागदावर ४२ लिटरचा दिसतो. १८ मिलिमीटरच्या फळ्या दोन्ही बाजूंनी वजा केल्यावर आत फक्त ३० लिटर उरतात, आणि पुढची फळी दुहेरी केली तर सुमारे २८. त्यातून वूफरचा मॅग्नेट आणि फ्रेम व्यापतात ती जागा, आतले आधार आणि पोर्ट (हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी) असल्यास त्याचे संपूर्ण आकारमान वजा करावे लागते. घनफळ कमी पडले तर बंद बॉक्समध्ये आवाज एकाच पट्ट्यात घुमू लागतो आणि खालचे स्वर लवकर ओसरतात. पोर्ट असलेल्या, म्हणजे पोर्टेड बॉक्समध्ये तर त्याचे ट्यूनिंगच (पोर्ट ज्या वारंवारतेला सर्वाधिक साथ देतो ती) वर सरकते. शिवाय ट्यूनिंगच्या खालच्या वारंवारतेवर पोर्टमधील हवा कोनला आवर घालत नाही आणि कोन मर्यादेपलीकडे हलू लागतो, म्हणून अशा बॉक्ससोबत अँप्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर (अगदी खालच्या वारंवारता अडवणारी सोय) सुरू ठेवावा.

बॉक्स आतून किती खोल आहे याकडेही लक्ष द्यावे. अनेक वूफरच्या मॅग्नेटमागे मध्यभागी हवा खेळण्यासाठी छिद्र असते. मॅग्नेट मागच्या फळीला टेकला किंवा आत भरलेल्या पॉलिएस्टरच्या तंतूंनी ते छिद्र झाकले गेले, तर कॉइल (कोनला हलवणारे तारेचे वेटोळे, म्हणजेच व्हॉइस कॉइल) नीट थंड होत नाही.

गास्केट आणि स्क्रू: सर्वाधिक दुर्लक्षित काम

बॉक्स तयार करण्यात भरपूर वेळ घालवून वूफर मात्र घाईघाईने आवळून टाकला जातो. माझ्या मते वेळेची ही विभागणी उलट असायला हवी.

वूफरच्या फ्रेमवर पुढून दिसणारी रबरी कड पुष्कळदा केवळ शोभेची असते. फ्रेमच्या मागच्या बाजूला गास्केट (हवा निसटू न देणारी मऊ पट्टी) आहे का ते स्वतंत्रपणे पाहावे. नसेल तर भोकाभोवती, स्क्रूंच्या रेषेच्या आत, फोमची चिकटपट्टी अखंड लावावी आणि तिची दोन्ही टोके जिथे मिळतात तिथे फट राहू देऊ नये. थेट सिलिकॉन लावून वूफर चिकटवणे टाळावे, कारण दुरुस्तीसाठी तो काढताना फळी आणि फ्रेम दोन्हींना इजा होते. बॉक्सचे आतले सांधे सिलिकॉनने बंद केले असतील, तर ते पूर्ण वाळल्यानंतर आणि वास गेल्यानंतरच वूफर बसवावा.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर एमडीएफ फुगतो किंवा चिरतो. वूफर वारंवार काढावा लागणार असेल किंवा वजनदार असेल, तर टी-नट (फळीत मागून बसवायचे धातूचे नट) आणि मशीन स्क्रू वापरणे अधिक टिकाऊ असते. सर्व स्क्रू आधी हलकेच लावून, मग समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळत जावे. एकच बाजू पूर्ण घट्ट करून पुढे सरकले तर फ्रेमला पीळ बसतो, व्हॉइस कॉइल तिच्या अरुंद खाचेत घासू लागते आणि कमी आवाजातही खरखर ऐकू येते. अशी खरखर आली तर स्क्रू सैल करून पुन्हा समान आवळून पाहावे. ती तरीही कायम राहिली तरच कॉइल खराब झाल्याचा निष्कर्ष काढावा. शेवटचे फेरे हाताच्या स्क्रूड्रायव्हरने द्यावेत. मॅग्नेटच्या ओढीने ड्रिलचा बिट भलतीकडे सरकतो आणि सराउंडला (कोनभोवतीच्या लवचिक कडेला) भोक पडते.

गळती तपासण्याची पद्धत सोपी आहे. बंद बॉक्समध्ये कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा, अगदी हळू आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर बॉक्स घट्ट आहे. झटकन परतला तर हवा कुठून तरी निसटते आहे. त्यानंतर ३० हर्ट्झच्या आसपासचा स्वर मध्यम आवाजात लावून ओला तळहात फ्रेमच्या कडेवरून, सांध्यांवरून आणि विशेषतः टर्मिनल कपभोवती (वायर जोडण्याच्या बॉक्सवरच्या वाटीभोवती) फिरवावा. टर्मिनल कपची फट सगळ्यात उशिरा आठवते.

जोडणी आणि ध्रुवता

दोन वूफर असताना एकाची जोडणी उलटी झाली, तर एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि बास जवळजवळ नाहीसा होतो. अँप्लिफायरची वायर काढून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला लावावा. सेलचे धन टोक धन टर्मिनलला असताना, नेहमीप्रमाणे बसवलेला प्रत्येक कोन बाहेर आला पाहिजे.

प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असलेल्या वूफरची समांतर जोडणी २ ओहम देते आणि एकसर जोडणी ८ ओहम. अँप्लिफायरला किमान किती ओहम चालते हे पाहूनच निवड करावी आणि एक कॉइल रिकामी सोडू नये. मल्टिमीटरवर ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दिसते, हा बिघाड नाही. आतली वायर सैल सोडली तर ती कोनवर किंवा फळीवर आपटून खडखडते, म्हणून ती क्लिपने बांधावी.

गाडीत ठेवताना

भरलेला बॉक्स जड असतो आणि जोरात ब्रेक लागल्यावर तो सीटवर आदळू शकतो, त्यामुळे तो पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने पक्का बांधणे अत्यावश्यक आहे. मात्र डिक्कीच्या तळाला भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जाते ते पाहावे. गाडीत बसवल्यावर नवा खडखडाट आला, तर बॉक्स उघडण्याआधी नंबर प्लेट आणि डिक्कीचे प्लास्टिक पॅनेल हाताने दाबून धरावे. तेवढ्याने आवाज थांबला तर त्या जागी फोमची पट्टी लावणे पुरेसे असते. काही आठवड्यांच्या वापरानंतर गास्केट दबून बसते, तेव्हा वूफरचे स्क्रू पुन्हा एकदा समोरासमोरच्या क्रमाने, हाताने आणि हलकेच आवळून घ्यावेत.