पणजोबा वकील होते म्हणे? मग असं शोधा

आमचे पणजोबा नाशकात वकील होते, फार तापट होते आणि दारात टांगा होता, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. तुमच्याकडंही साधारण असंच असेल. १९०० ते १९३५ च्या काळातला वकील आणि त्याचं घर शोधायला निघाला असाल तर आधी एक सांगतो, लगेच कोर्टाकडं पळू नका. मी पळालो होतो. तीन चकरा मारल्यावर कळलं की दाव्याचा नंबर, साल आणि पक्षकारांची नावं असल्याशिवाय जुनं रेकॉर्ड काढता येत नाही, वकिलाच्या नावानं तिथं काहीच लावलेलं नसतं, आणि निकाल-हुकूमनामा सोडला तर बरेचसे कागद मुदत संपली की नष्ट केलेले असतात.

घरापासून सुरू करा. माळा, ट्रंका, देवघराखालचा कप्पा, आणि मुख्य म्हणजे आत्या. वाडा विकताना मुलगे पैसे आणि तांब्याची भांडी वाटून घेतात, फोटो आणि "रद्दी" मुली उचलून नेतात, आमच्याकडं तरी असंच झालं. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली तर नशीब. तिच्यावर डिस्ट्रिक्ट प्लीडर लिहिलंय का हायकोर्ट प्लीडर ते बघा. नावापुढं एलएल.बी. असेल तर मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं नेटवर शोधा, त्यात पदवीधरांच्या याद्या छापलेल्या असतात, फक्त आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहून बघावं लागतं.

तारीख नसलेला कागद असेल तर स्टँपावरचा राजा बघायचा. एडवर्ड असेल तर १९०१ ते १९१०, पंचम जॉर्ज असेल तर १९१० ते १९३६, जुना स्टॉक वापरलेला असू शकतो म्हणून वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं धरा. शक दिला असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल तर ७९.

आता खरा खजिना, घरखर्चाची वही. ती हाताला लागली तर बाकी सगळं बाजूला ठेवा. बहुतेक मोडीत असते, म्हणून घाबरू नका, मोडी वाचणारे नाशकात मिळतात, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वगैरे वर्गही असतात. आकडे तर महिन्याभरात आपले आपण लागतात, रुपये-आणे-पै, १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा. आमच्या वहीत कारकुनाचा पगार आहे, घोड्याची चंदी आहे, वारावर जेवायला येणाऱ्या मुलांची नावं आहेत, मंगळवारी कोण, गुरुवारी कोण. आणि सुईण. डिंक-खारीक आणि सुईणीचे पैसे असं नऊ वेळा आलंय. घरच्या वंशावळीत पाच मुलं आहेत! बाकीच्या चौघांचं कुणी कधी बोललंच नाही. टांग्याच्या गोष्टी मात्र शंभर वेळा ऐकल्या.

बायकांची नावं शोधणं सगळ्यात कठीण. वंशावळीत नसतातच, लग्नात नाव बदललेलं, आणि हाक मारायची ती माई नाहीतर जिजी. लग्न-मुंजीच्या आहेरांच्या याद्या बघा. "मामांकडून" असं लिहून पुढं गाव असतं, त्या गावावरून माहेर सापडतं. पणजीचं माहेर निफाडकडचं हे आम्हाला एका लुगड्याच्या नोंदीवरून कळलं.

एक सावधगिरी. नाशकातल्या घरांमध्ये "२१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, मग धरपकडीच्या भीतीनं कागद जाळले" हे ऐकू येतंच. काही घरांत खरंही असेल, पण आमच्याकडं हेच सांगायचे आणि १९०७ ची वही पोटमाळ्यावर निघाली, सांगणाऱ्यानं वर चढून बघितलंच नव्हतं.

सरकारी बाजूचं थोडक्यात. जन्ममृत्यूसाठी शहरात असाल तर नगरपालिकेची जुनी रजिस्टरं, मूळ गाव खेड्यात असेल तर तहसीलचं कोतवाल बुक म्हणजे नमुना नंबर १४. जमीन असेल तर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढाच, वारस लावताना बायको-मुलांची नावं तिथं येतात आणि भाऊबंदकीचा दावा झाला असेल तर कोर्टाच्या हुकमाचा उल्लेखही, म्हणजे तो दाव्याचा नंबर इथून मिळू शकतो. मग जा कोर्टात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, वकील मंडळी अशा संस्थांत हटकून असायची, तिथंही जुन्या अहवालांची चौकशी करा.

शेवटी पंचवटीत रामकुंडावर तुमच्या तीर्थोपाध्यांकडं जा. मूळ गाव आणि आडनाव सांगायचं, ते कापडात बांधलेली वही काढतात. पणजोबा नाशकातच राहत होते तर कशाला नोंद असेल असं मला वाटलं होतं, पण कुणाच्या तरी श्राद्धाच्या निमित्तानं त्यांनी स्वतः लिहून सही केलेली निघाली. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, दक्षिणा द्या, सकाळची गर्दी टाळून दुपारी जा. आणि उपाध्ये तुमची नोंद घालायला वही पुढं करतील तेव्हा बायकोचं नाव माहेरच्या आडनावासकट लिहा, मुलींचीही लिहा, मला त्यांनी "एवढं कशाला" विचारलं होतं, मी लिहिलं.