गरोदरपणात दिवसभर पुरेसं पाणी कसं प्यावं

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी वाढतं, गर्भजलही लागतं. त्यामुळे पाणी, ताक, आंबील सगळं धरून दिवसाला सव्वादोन ते अडीच लिटर पोटात जायला हवं. बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागच्या वैशाखातल्या उन्हात आणखी अर्धा लिटर. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

आधी भांडं मोजा. एक लिटरची बाटली भरून ती घरच्या पेल्यानं ओता. पाच पेले झाले तर पेला 200 मिलीचा, म्हणजे दिवसाचे बारा पेले. उठल्यावर एक, मग तासा-दीड तासानं एकेक. एका दमात तांब्याभर प्यायलात तर पोट डब्ब होतं, मळमळतं. रात्री सारखं उठावं लागू नये म्हणून बहुतेक पाणी सातच्या आत संपवा. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय; गडद आणि थोडी थोडी होत असेल तर कमी पडतंय.

सुरुवातीच्या महिन्यांत पाणीच उलटतं. तेव्हा पाच-दहा मिनिटांनी दोन-दोन चमचे घ्या. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. निम्म्या पाण्यात निम्मं पाकीट अंदाजानं टाकू नका, प्रमाण चुकतं. केलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलेलं टाका.

लोहाची गोळी ताक, दूध किंवा चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा दिवसाला दोन कप पुरे. गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस टाळा, आणि साखरेचा त्रास असेल तर घरचाही नको.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शेतावर. उसाच्या फडात, तंबाखूच्या रानात आडोसा नसतो, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. त्यातून मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो आणि त्यानं वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. पाण्याची बाटली सोबत न्या, दर दोन-तीन तासांनी जोडीदारणीला घेऊन लघवीला जाऊन या. घरच्यांनी आणि मुकादमानं ही सवड दिलीच पाहिजे. पाय सुजलेत म्हणून पाणी तोडायला सांगणारेही भेटतात. पाणी तोडून सूज उतरत नाही.

पावसाळ्यात खानापूरकडे विहिरी गढूळ होतात. पाणी चार पदरी फडक्यानं गाळा, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा आणि झाकून गार करा.

आठ तास लघवी झाली नाही, घोटभर पाणीही ठरत नाही, लघवीला जळजळ होऊन ताप आला, बाळाची हालचाल कमी झाली, किंवा चेहरा सुजून डोकं ठणकू लागलं तर घरी वाट पाहू नका. थायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड) घेऊन दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.